डावा कौल

बाई, समीक्षाच्या वेळचा तो कौल देवाने दिला नव्हता. मी दिला होता.

हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे सहा वर्षं होती. स्टाफरूममध्ये आपल्या खुर्च्या शेजारी होत्या. तुमच्या डब्यातली भाकरी मी खात होतो, माझ्या घरची सोलकढी तुम्ही पीत होतात. आता तुमचं तेरावं झालं, तुमची खुर्ची कोणीतरी खिडकीकडे सरकवली, आणि मी लिहायला बसलो आहे. एवढंच माझं धैर्य.

आमच्या घराण्याकडे गावच्या देवळाची पूजा. माझी पाळी आली की सकाळी सोवळं नेसून पूजा करायची आणि मग पँट चढवून शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, "आमचो अनंता धा वाजेपर्यंत गुरव, मगे न्यूटन." सगळे हसायचे. मीही हसायचो. पूजेबरोबर कौल लावणंही आलं. देवाच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, नवी होडी, विहिरीची जागा, सगळं आमच्याकडे त्या दोन पाकळ्यांवर ठरतं. तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास होता की नाही, मला कधी कळलं नाही. ज्यांचा होता त्यांना तुम्ही हसला नाहीत, एवढं ठाऊक आहे.

तुमचं वेड वेगळं होतं. आमच्या किनारपट्टीवरच्या मच्छीमारांच्या घरांतून इंजिनिअर निघाले पाहिजेत, आणि त्यातही मुली. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली विसावलेल्या असताना, तुम्ही रविवार दुपारी घरोघर जायचात. गणित मागाहून. आधी पडवीत बसून मुलीच्या आईशी बाजाराच्या गप्पा, कुठली मासळी कितीला गेली, बर्फवाल्याने कसं फसवलं. मग हळूच मुलीला म्हणायचात, सांग बघू, आईला बर्फात किती गेले? मुलीने तोंडी हिशेब सांगितला की तुम्ही आईकडे बघायचात आणि काहीच बोलायचा नाहीत. ते न बोलणं मला कधी जमलं नाही.

दरवर्षी तुम्ही नववी-दहावीच्या मुलींना एसटीने इंजिनिअरिंग कॉलेज दाखवायला न्यायचात. तुमची अट एकच होती, बरोबर आई आली पाहिजे. मी एकदा विचारलं की आया कशाला, त्यांना काय कळणार. तुम्ही म्हणालात, "चेडू काय, चार दिवस रडात आणि जायत. आवशीन बघल्यान नाय तर तिका रात्रीची झोप येवची नाय, आणि आवस झोपली नाय की चेडू परत येता." समीक्षा दहावीत होती त्या वर्षी तिच्या आईने वर्कशॉपमध्ये लेथ मशीन बघितलं, हात लावून बघितलं, आणि तिथल्या सरांना विचारलं की मुलींच्या हॉस्टेलात संडास किती आणि कड्या आतून लागतात का. सर गोंधळले. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. परतीच्या एसटीत ती बाई सगळ्या वाटेने गप्प होती, आणि मालवणच्या स्टँडवर उतरताना म्हणाली, कड्या बऱ्या होत्या.

समीक्षा म्हणजे बाबलची मुलगी. बाबलची एक छोटी होडी, बायको मालवणच्या बाजारात मासे विकणारी. मुलगी अशी की होडीचं इंजिन बंद पडलं तर बापाच्या आधी हिचा हात आत. तुम्ही दोन वर्षं तिच्या मागे होतात. ओरोसच्या सरकारी कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी, पडताळणीसाठी बाबलबरोबर किती वेळा बसलात. साहेबासमोर बाबलची बोबडी वळायची, तो मालवणी सोडून मराठीत शिरायचा आणि मध्येच अडायचा, तेव्हा पुढचं वाक्य तुम्ही पुरं करायचात. समीक्षा सीईटीत चांगली आली. घाटावरच्या एका सरकारी कॉलेजात तिला मेकॅनिकलला जागा मिळाली. आमच्या शाळेतून तिथवर कोणी मुलगी गेली नव्हती.

माझा तुमच्याशी वाद होता तो इथेच. बाहेर कोणाला तो कळला नसेल, पण आपण दोघं त्यावर वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायचो, ही मुलं तिथे बुडतात. तुम्ही त्यांना खोल पाण्यात लोटता आणि किनाऱ्यावर टाळ्या वाजवता. मला असं बोलायचा हक्क आहे असं मी समजत होतो, कारण मी बुडून आलो होतो. मीही बारावीनंतर इंजिनिअरिंगला गेलो होतो. सगळं शिकवणं इंग्रजीत. ड्रॉइंगच्या तासाला मी तोंड उघडलं की मागून कोणीतरी माका-तुका करायचं. हॉस्टेलात माझ्या पार्टनरने माझ्या बोलण्याची नक्कल बसवली होती, पाहुणे आले की करून दाखवायचा. पहिली सहामाही संपायच्या आत मी ट्रंक घेऊन परत आलो आणि गावात सांगितलं की वडिलांची तब्येत बरी नाही, घरी कोणीतरी हवं. वडील ठणठणीत होते. त्यांनीही ते खोटं आयुष्यभर सांभाळलं. खरं काय ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

आणि तुम्ही ते वादात कधी माझ्यावर उगारलं नाहीत. एकदाच म्हणालात, परीक्षेचे पेपर तपासताना, मान वर न करता, "अनंता, तू बुडलंस म्हणान सगळ्यांका पाण्याची भीती दाखवतंस. तू एकटो गेलंस, म्हणान परत इलंस. तेका बुडणा म्हणत नाय." मी चिडून उठून गेलो. नवी जेटी बांधली त्या वर्षीचीही गोष्ट आठवते. बाहेरून आलेल्या इंजिनिअरांनी बांधली आणि एका पावसाळ्यात तिच्या पोटात वाळू भरली. तुम्ही मला मुद्दाम तिथे घेऊन गेलात. म्हणालात, "बाबलाच्या चेडवाक इचारल्यानी असता तर तिना सांगल्यान असता, पाणी खयसून फिरता ता. पण तिका इचारतलो कोण? ती इंजिनेर झाली तरच इचारतले."

मग बाबल म्हणाला, देवाला विचारतो.

तुम्ही त्याला अडवलं नाहीत. शाळेतले बाकीचे म्हणाले, बाई, आता कशाला देव मध्ये, जागा मिळाली आहे, भरून टाका. तुम्ही म्हणालात, मुलगी त्याची आहे, विचारू दे. आणि देवळाच्या पायरीवर चप्पल काढताना माझ्याकडे बघून हलकेच म्हणालात, "पाकळी अनंता लावता. माका भीती नाय."

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, बाई. त्या पायरीवर पाय ठेवला की ते आतून येतं.

बाबल नारळ घेऊन उभा होता. त्याची बायको मागे, डोक्यावर पदर. समीक्षा दारापाशी, आत न येता. तुम्ही डाव्या बाजूच्या खांबापाशी, छत्री मिटून, पदराने चष्मा पुसत. मी तीर्थात बोटं बुडवली आणि त्या क्षणी मला ती मुलगी दिसली, एका परक्या वर्गात, मागून माका-तुका ऐकणारी, ट्रंक घेऊन परत येणारी. मी तिला वाचवतो आहे असं मला वाटलं. खरंच वाटलं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती आज लिहितो. ती गेली आणि टिकली, तर माझं परत येणं हे माझंच होतं असं ठरलं असतं. गावाचं नाही, भाषेचं नाही, नशिबाचं नाही. माझं.

पाणी काचेला का धरून राहतं, ते मी मुलांना शिकवतो. उजव्या खांद्याची पाकळी मी पूर्ण भिजवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. डावीची नुसती कड ओली केली. त्यात श्रद्धेचा काही भाग नव्हता. तो प्रयोग होता आणि त्याचं उत्तर मला आधीच ठाऊक होतं. बाबलने गाऱ्हाणं पुरं करायच्या आत डावी पाकळी पडली.

बाबलने हात जोडले आणि नमस्कार करून नारळ तसाच माझ्या हातात दिला. त्याच्या बायकोने एकदा मुलीकडे बघितलं. समीक्षा पायऱ्या उतरून घराकडे गेली. तुम्ही चष्मा डोळ्यांवर चढवलात आणि मला म्हणालात, "बरा झाला. देवाक विचारला, मगे आता वाद नको."

नंतर तुम्ही मला जे सांगितलंत, ते ऐकल्यावर तरी मी सगळं कबूल करायला हवं होतं. कॉलेजात देवगडकडची एक मुलगी तिसऱ्या वर्षात होती. तिच्याशी तुम्ही आधीच बोलून ठेवलं होतं. ती समीक्षाला स्टँडवर न्यायला येणार होती, पहिले महिनाभर आपल्याच खोलीत ठेवणार होती. "तुझ्यावरसूनच शिकलंय मी ह्या," तुम्ही म्हणालात. "एकट्या कोणाक धाडूचा नाय." म्हणजे माझी गोष्ट ऐकून तुम्ही ती सोय केली होती, आणि त्याच गोष्टीने मी ती मोडली होती.

तुम्ही तो दोष स्वतःवर घेतलात. म्हणालात, मी घाई केली असेन, बापाचं मन अजून तयार नव्हतं, देवाने ते ओळखलं. बाकीच्या वाड्यांतून तुम्ही मुली पाठवत राहिलात, दोघी-दोघी. कोणी इलेक्ट्रिकलला, कोणी सिव्हिलला. पण बाबलच्या वाडीतल्या वाटेने तुम्ही परत गेला नाहीत. तिकडची मुलं विचारायची, बाई आमच्याकडे का येत नाहीत.

समीक्षाने बी.एस्सी. अर्धं केलं. मग जेटीवर स्कुबा डायव्हिंगचं बुकिंग करणाऱ्या एका टपरीत बसायला लागली. पर्यटकांच्या याद्या, लाइफ जॅकेट, मोबाईलवरची बुकिंगं. हवेच्या सिलिंडरचा कॉम्प्रेसर बिघडला की मालक मेकॅनिकला फोन करायचा, आणि मेकॅनिक येईपर्यंत तो सुरू झालेला असायचा. हे मला बाहेरच्यांकडून कळायचं. मी जेटीवर जायचं टाळत होतो.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी इस्पितळात येऊन बसायचो. एका दुपारी तुमचा पुतण्या औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही बराच वेळ छताकडे बघत होतात. मग म्हणालात, "अनंता, तुका काय सांगायचा असला तर आता सांग. मगे मी आयकूक नाय."

बाई, तुम्हाला ठाऊक होतं का?

मी रोज हाच प्रश्न विचारतो. तुम्ही नुसतं शेवटचं बोलणं म्हणून म्हणालात, की तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं आणि तुम्ही सहा वर्षं माझी वाट बघत होतात? माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. जिभेवर होतं. मी म्हणालो, "काय नाय, बाई. जेवलात?"

तुम्ही डोळे मिटलेत. "जेवलंय," म्हणालात. आपलं ते शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यापासून मला शाळेत तुमच्या चपलेचा आवाज येतो. तुमच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल असायचा, तो फटफट वाजायचा. तास चालू असताना व्हरांड्यात तो वाजतो, मी बोलताना थांबतो, मुलं दाराकडे बघतात, कोणी नसतं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मी गुरव आहे, पण माझा विश्वास नाही. तरी एकदा मी दाराशी जाऊन बघितलं. रिकामा व्हरांडा होता, आणि मला वाटलं तुम्ही आत्ताच कोपऱ्यावरून वळलात.

गेल्या पंधरवड्यात दोन घरं कौलाला आली. मी दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या, सारख्या दाबल्या. दोन्ही वेळा पाकळ्या पडल्याच नाहीत. उजवी नाही, डावी नाही. दुपार होऊन सुकेपर्यंत खांद्यांना धरून राहिल्या. लोक म्हणाले, देव बोलत नाही, काहीतरी चुकलं आहे गावाचं. मी खांबाकडे बघितलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही तिथे उभ्या आहात, आणि दोन्ही पाकळ्या तुम्हीच दोन बोटांनी धरून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या खेपेनंतर मी मानकऱ्यांकडे गेलो आणि सांगितलं की यापुढे कौल माझ्या चुलतभावाने लावावा. का, ते विचारत होते. मी म्हणालो, माझा हात चालत नाही. तेही अर्धंच खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजा कळवून मी जेटीवर गेलो.

पर्यटक अजून आले नव्हते. बाबल होडीच्या कडेला बसून लाइफ जॅकेटांचे बंद सोडवत होता. आता तो मासेमारीबरोबर पर्यटकांच्या फेऱ्याही मारतो. समीक्षा कॉम्प्रेसरच्या झाकणात हात घालून बसली होती, मनगटापर्यंत काळी. तिने मला बघितलं आणि उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी. म्हणाली, "सर, बाईंच्या तेराव्याक मी इल्लंय, तुमी दिसूक नाय." मी म्हणालो, मी मागे बसलो होतो.

मग मी सांगितलं. पाकळी कशी भिजवली, कशी दाबली, सगळं. बाबलच्या हातातलं जॅकेट तसंच राहिलं. समीक्षा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी थांबलो तेव्हा तिने एवढंच विचारलं.

"म्हणजे देव 'नाय' म्हणाक नव्हतो?"

"नाय," मी म्हणालो.

"सहा वर्सा माका वाटता, देवाक मी नको होतंय."

बाई, ते ऐकून मी मान खाली घातली. मुलीची जागा गेली, एवढंच मी आजवर मोजलं होतं. तिच्याकडून मी आणखी काय घेतलं, ते मला त्या क्षणी कळलं.

बाबल पाण्याकडे बघत म्हणाला, "मास्तरांनू, माझा मन झालेला. दोन वर्सा बाईंनी माझा मन केल्यानी. माका फकत कोणीतरी 'व्हय' म्हणाक व्हया होता." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी त्यांना माझं कॉलेज सांगायला लागलो. हॉस्टेल, ती नक्कल, ट्रंक. मला वाटत होतं, हे कळलं तर त्यांना कळेल. समीक्षाने हात पुसायला चिंधी घेतली आणि मध्येच म्हणाली, "कारणां नकोत, सर." आवाज चढवला नाही. मग विचारलं, यंदा मुलींना कॉलेज बघायला कोण नेणार. मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही. ती म्हणाली, "तुमी नको. बाईंचा काम मी करतंय. एसटीत पोरी बसल्यो की त्येंका काय सांगूचा ता माका ठावक आसा."

मी मान हलवली. परत फिरलो. चार पावलांवर माझ्या लक्षात आलं की मी सगळं सांगितलं, कारणंही सांगितली, आणि जे सांगायला आलो होतो तेच राहिलं होतं. मी वळलो. ती पुन्हा कॉम्प्रेसरवर वाकली होती. बाबल उभा होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि हात जोडले. माझ्या विद्यार्थिनीला मी पहिल्यांदा हात जोडले. बाई, तुम्हाला जे ऐकवायचं राहिलं, तेच तिला ऐकवलं.

"समीक्षा, तुझा कायच उणा नव्हता. बाईंचा चुकूक नाय, तुझ्या बापाशीचा चुकूक नाय, देवाचा तर नायच. माझा चुकला. माका माफ कर."